रोतेमियांचा डावा डोळा

रोतेमिया खदाखदा हसत असले तरी रडत असत. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. त्यांचा डावा डोळा सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत वाहत असे आणि उजवा डोळा त्याच वेळी समोरच्याची फिरकी घेत असे. नव्या माणसाची मोठी पंचाईत होई. डावीकडून पाहिलं तर या गृहस्थाचं सांत्वन करावं असं वाटे. उजवीकडून पाहिलं तर हा आपली थट्टा करतो आहे असा संशय येई. संशय बहुतेक वेळा खरा निघे.

मी मारेगावला आलो तो १९५६ साली. त्याच वर्षी आमचा विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला आणि मी अकोल्याहून निघून एका खाजगी डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून चिकटलो. या दोन स्थलांतरांपैकी गावात चर्चा पहिल्याचीच जास्त झाली. दवाखान्यासमोरचा रस्ता ओलांडला की रोतेमियांचं दुकान होतं. टिनाचं छप्पर, एक रुंद दार, आत छतापर्यंत गेलेला कापसाचा ढीग आणि आढ्याला दोरीने टांगलेली, मोठ्या धनुष्यासारखी पिंजण. ते पिंजारी होते. गाद्या, रजया, उशा भरून देणं हा त्यांच्या घराण्यात चालत आलेला धंदा. पिंजणीच्या ताणलेल्या तातीवर लाकडी ठोकळ्याचा मार बसला की टंव टंव असा आवाज आमच्या दवाखान्यात येई, आणि त्या आवाजामागून रुईचं बारीक तूस येऊन माझ्या बाटल्यांवर बसे. मी रोज सकाळी बाटल्या पुसत असे आणि रोज संध्याकाळी त्या पुन्हा पांढऱ्या होत. त्याबद्दल मी एकदा तक्रार केली तेव्हा ते म्हणाले, "कंपोंडरसाब, तुमच्या बाटल्यांले थंडी वाजू नये म्हून पांघरूण घालून राह्यलो मी."

त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते रेशनकार्डावर आणि मशिदीत तेवढं वापरलं जाई. बाकी साऱ्या गावाला ते रोतेमिया. या नावाचा त्यांना राग नव्हता. कोणी परगावचा माणूस चाचरत "अब्दुलभाई इथेच राहतात का?" असं विचारत आला तर तेच उठून सांगत, "तो कोण बे? इथं तं रोतेमिया राह्यते."

डोळ्याच्या जोडीला त्यांचं नाकही कायमचं चोंदलेलं असे. त्यामुळे त्यांच्या तोंडी 'म'चा 'ब' होई आणि 'न'चा 'द'. पहिल्या दिवशी त्यांनी मला "दबस्कार" केला तेव्हा ही कुठलीतरी वेगळी चाल असावी असं समजून मीही आदराने "दबस्कार" म्हणालो. ते इतके हसले की डाव्या डोळ्याची धार मिशीपर्यंत आली. पुढे त्या बोलण्याची माझ्या कानाला सवय झाली. वाचकांच्या सोयीसाठी मी त्यांचं बोलणं इथे मोकळ्या नाकाने लिहितो आहे.

त्या डोळ्याने त्यांना गावात मोठी इज्जत मिळवून दिली होती. कोणाच्या घरी मयत झाली की रोतेमिया जाऊन कोपऱ्यात बसत, आणि बाकीचे लोक कसंबसं तोंड पाडून बसलेले असताना यांच्या गालावरून खरंखुरं पाणी ओघळत असे. गावातला एक अतिशय खाष्ट म्हातारा वारला तेव्हा त्याच्यासाठी ओला झालेला डोळा साऱ्या गावात हा एकच होता. म्हाताऱ्याच्या मुलांनी ते लक्षात ठेवलं आणि दर दिवाळीला रोतेमियांकडे फराळाचं ताट जाऊ लागलं. "चाचा, हे काही बरोबर नाही," मी म्हणायचो. त्यावर शंकरपाळा तोंडात टाकत ते म्हणत, "काहून? म्या कुठं म्हणलं का मी रडून राह्यलो? त्यायनंच पाह्यलं."

पण त्या डोळ्याची खरी कीर्ती झाली ती पाटलीणबाईंच्या गादीपासून. माझं मारेगावातलं ते दुसरंच वर्ष. पाटलीणबाईंच्या मुलीचं लग्न मुकुटबनला ठरलं होतं आणि आंदणात द्यायची गादी रोतेमियांकडे भरायला होती. बाई स्वतः गादी न्यायला आल्या. रोतेमिया शेवटचे टाके घालत वाकले होते. मी दवाखान्याच्या पायरीवरून पाहत होतो. टपकन एक थेंब नव्याकोऱ्या खोळीवर पडला आणि त्याचा रुपयाएवढा डाग झाला.

"अरे बाप्पा!" पाटलीणबाई ओरडल्या, "लग्नाच्या गादीवर डोयातलं पाणी? माह्या पोरीच्या संसारात रडणं शिवून देऊन राह्यले काय तुमी?"

रस्त्यावरची चार माणसं थांबली. धंद्यावर गदा येईल अशीच गोष्ट होती. लग्नाच्या वस्तूवर आसू पडणं म्हणजे सरळ अपशकुन. दुसरा कोणी असता तर हातापाया पडला असता. रोतेमियांनी सावकाश सुई खोळीत टोचून ठेवली, गाल पुसला आणि म्हणाले, "पाटलीणबाई, तुमी उलटं समजून राह्यल्या. पोरगी सासरी गेली का थोडंबहुत रडणं तिच्या वाट्याले येतेच का नाही? तुमच्या आलं का नाही?"

बाईंनी पदर सावरला. आलं असावं.

"तं तुमच्या पोरीच्या वाट्याचं जे होतं ते म्या आत्ताच रडून टाकलं. आता तिच्या वाट्यात काय उरलं, सांगा? नुसतं हसणं!"

थांबलेली चार माणसं हसली. पाटलीणबाईंना हसावं की रागवावं ते कळेना, आणि त्या गोंधळातच गादी बैलगाडीवर चढली. ही शुद्ध थाप होती. आयत्या वेळी सुचलेली, धंदा वाचवण्यासाठी मारलेली. पण पुढच्या वर्षीच्या दिवाळीला ती मुलगी माहेरी आली ती अंगाने भरलेली आणि कडेवर पोरगा घेऊन. सासू आपल्या डोक्याला तेल घालून देते असं तिने सांगितलं. ही बातमी पाटलीणबाईंनी विहिरीवर सांगितली, आठवडी बाजारात सांगितली, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सांगितली. झालं. त्या हंगामात ज्यांच्या घरी लग्न होतं ते गादी न्यायला येत आणि हळूच विचारत, "चाचा, आमच्या गादीवर रडले ना?"

रोतेमिया तर अशा वेळी रंगात येत. "किती थेंब पायजे? चार कोपऱ्याले चार, का मधात एकच मोठा?" एक शेतकरी नवराबायको तर थेंब स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हलेनात. नेमका त्या दिवशी डोळा अडून बसला. रोतेमिया म्हणाले, "तुमी अशे बसा. जावई काय करते ते सांगा मले सगळं. मंग येईन रडू." जावयाची माहिती निम्मी झाली असेल-नसेल, थेंब पडला. गादी सोपवताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे: "घ्या. रडून झालं."

या साऱ्या काळात मी त्यांचा इलाज करत होतो हे सांगायला मला अजूनही लाज वाटते. आमचे डॉक्टर वयस्कर होते, बाळंतपणं आणि मलेरिया यांतून त्यांना सवड नसे. डोळ्यासारखी किरकोळ गोष्ट ते माझ्यावर सोपवत. मी रोज दुपारी बोरिकचं कोमट पाणी करून रोतेमियांचा डोळा धूत असे, वर पिवळं मलम लावत असे. चार वर्षं. मलमाच्या किती डब्या संपल्या कोण जाणे. ते समोरच्या बाकावर बसून चोंदलेल्या नाकाने माझ्याशी गप्पा मारत, मी त्यांचे सगळे 'ब' आणि 'द' ऐकत असे आणि डोळा धूत असे. दुखणं त्यांच्या प्रत्येक वाक्यात मला ऐकू येत होतं, पण माझं लक्ष डोळ्याकडे.

शेवटी एकदा नागपूरचे एक डोळ्यांचे डॉक्टर मोतीबिंदू काढायला वणीला आले तेव्हा मी रोतेमियांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी डोळ्यात फारसं पाहिलंच नाही. नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याखाली अंगठ्याने दाबलं, तर कोपऱ्यातून पुवाचा थेंब वर आला.

"नाक केव्हापासून बंद आहे?" त्यांनी विचारलं.

"मिशी फुटली तवापासून बंदच आहे, साब."

मग डॉक्टरांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "तुम्ही काय देत होता?"

"बोरिक."

"किती दिवस?"

"चार वर्षं," मी शक्य तितक्या हळू म्हणालो.

डॉक्टर भले माणूस होते, रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्यातलं पाणी वाहून जायला डोळ्यापासून नाकात उतरणारी एक बारीक मोरी असते. रुईचं तूस ओढून ओढून यांच्या नाकात आणि नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांत वर्षानुवर्षं सूज आहे. त्या सुजेने मोरी तुंबली. पाणी नाकात उतरत नाही, म्हणून गालावर येतं. "मोरी तुंबलेली आहे आणि तुम्ही चार वर्षं अंगण पुसत बसलात," ते म्हणाले. रोतेमिया इतक्या जोरात हसले की बाहेर बसलेले मोतीबिंदूवाले दचकले. परतीच्या एसटीत ते दर दोन मैलांनी माझ्याकडे वळत आणि "अंगण!" एवढंच म्हणून पुन्हा हसत.

डॉक्टरांनी आधी नाकाला वाफ आणि मिठाच्या पाण्याचे फवारे सांगितले होते, पिंजताना तोंडानाकावर फडकं बांधायला सांगितलं होतं आणि पुढे नागपूरला येऊन ऑपरेशन करून घ्यायला सांगितलं होतं. डोळा आणि नाक यांच्यामधल्या हाडाला भोक पाडून पाण्याला नवी वाट करून द्यायची. नाही केलं तर आत पू साचत राहील, एखाद्या दिवशी गळू होईल आणि डोळ्यावर बेतेल. रोतेमियांना या रोगाचा मोठा अभिमान वाटू लागला. दौऱ्यावर आलेल्या एका साहेबाने त्यांना दुकानात रडताना पाहून गाडी थांबवली आणि "कोणी त्रास दिला तुम्हाला? निर्भयपणे नाव सांगा," असं विचारलं. रोतेमियांनी उठून सलाम केला आणि म्हणाले, "नाक, साब."

पण ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलत. भीती वाटते म्हणावं तर तसंही नव्हतं. त्यांनी एकदा स्वतःच्या तळहातात घुसलेली गाद्यांची सुई माझ्याकडून गप्पा मारत मारत काढून घेतली होती. मी फारच मागे लागलो तेव्हा एक दिवस त्यांनी हातातला ठोकळा खाली ठेवला. "नसीमाची गादी भरली का मंग जाईन."

नसीमा ही त्यांची एकुलती लेक. आई ती लहान असतानाच गेली होती, बापानेच तिला वाढवलेली. सतरा-अठराची असेल तेव्हा. बापासारखीच जिभेची तिखट. तिच्या लग्नाचं अजून कुठेच जमलेलं नव्हतं.

"चाचा," मी म्हणालो, "ती थाप होती. तुम्हीच मारलेली. माझ्यासमोर."

"हाव, थापच होती." त्यांनी डावा गाल बाहीला पुसला. "पण इतक्या पोरी गेल्या माझ्या गाद्या घेऊन. एक तरी परत आली का रडत? मले बी समजते, कंपोंडरसाब, असं काही नसते. पण समजा असलं तं? साऱ्या गावच्या लेकींले मी ओली गादी दिली आन् माझ्या नसीमाले कोरडी देऊ?"

  स्वतःच्या थापेत सापडलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. गावात ही गोष्ट पसरली आणि लोकांनी खूप थट्टा केली, त्या थट्टेत रोतेमियाही सामील झाले, पण ते जागचे हलले नाहीत. नसीमासाठी येणारं प्रत्येक स्थळ काहीतरी निमित्ताने मोडत होतं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं गळू काही तिच्या नवऱ्याची वाट पाहणार नव्हतं.

ते थंडीत आलं. कापसाचा हंगाम भरात होता. एका सकाळी पिंजणीचा आवाज आला नाही म्हणून मी रस्ता ओलांडून गेलो, तर रोतेमियांचा डावा गाल लालबुंद फुगलेला, डोळा पार मिटलेला, अंगात ताप. आमच्या डॉक्टरांनी सुई टोचली, पू काढला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ही सूज उतरली की लगेच नागपूरला ने, पुन्हा झालं तर डोळा हाती लागणार नाही. मी ते जसंच्या तसं नसीमाला सांगितलं.

"किती दिवस आहे आपल्याजवळ?" तिने विचारलं.

"पंधरा दिवस धर."

ती निघून गेली. चौथ्या दिवशी मी पट्टी बदलायला गेलो तेव्हा दुकानात नवी लालचुटुक खोळ पसरलेली होती. तिने स्वतः शिवलेली. रोतेमिया खाटेवर बसले होते आणि ती कमरेवर हात देऊन त्यांच्यासमोर उभी होती.

"भरा," ती म्हणाली.

"अवं, पण नवरा कुठाय?"

"नवरा मंग पाहू. गादी का नवऱ्याच्या मापाची असते?"

रोतेमियांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. लग्न ठरण्याआधी मुलीची गादी भरायची ही रीत कुठल्याच जातीत, कुठल्याच गावात नव्हती. लोक हसतील, असं ते पुटपुटले. "लोकं तं तुमाले पाहून तसेही हसतात, अब्बा," ती म्हणाली. मग तिने आपली ओढणी त्यांच्या नाकातोंडाभोवती घट्ट बांधली, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, आणि ठोकळा त्यांच्या हातात दिला.

तीन दिवस ते काम चाललं. निवडून निवडून घेतलेली रुई, एकही सरकीचा कण नाही. ताप उतरलेला पण अंगात त्राण नाही. दहा ठोके मारले की थांबत. मी कंपाउंडर या नात्याने एवढंच म्हणालो की डोळ्यात पू आहे, तेव्हा थेंब पडला की त्यावर जरासं बोरिक शिंपडावं. नसीमाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा बोरिकचं नाव घेतलं नाही. शेवटचा टाका झाला. थेंब किती पडले ते मी मोजले नाहीत, चार कोपऱ्यांना चार तर नक्कीच होते. रोतेमियांनी दाताने दोरा तोडला आणि गादीवर हात फिरवत म्हणाले, "घे. रडून झालं." त्या दिवशी मात्र दोघंही बापलेक हसत होते आणि रडायला मला आलं. मी डोळ्यात तूस गेल्याचं सांगितलं.

नागपूरला मीच सोबत गेलो. नुसती जागा बधिर करून ऑपरेशन केलं. हाडावर छिन्नी चालल्याचा आवाज त्यांना ऐकू येत होता. बाहेर आल्यावर म्हणाले, "आतमधी सुतार होता काय? लय मन लावून काम करे." पट्टी निघाली तेव्हा गाल कोरडा होता. ते पुन्हा पुन्हा गालाला हात लावून पाहत. कुठेतरी छत्री विसरून आल्यासारखं वाटते, असं म्हणाले.

आणि नाकही उघडलं. इतक्या वर्षांनी त्यांना वास येऊ लागला. मारेगावात उतरल्यावर त्यांनी पहिली तक्रार केली ती घरच्या बकरीबद्दल. "इतकी घाण मारते ही, आन् मले कोणी सांगितलं बी नाही!" मग ते गावभर वास घेत हिंडले. दवाखान्यात येऊन त्यांनी माझ्या सगळ्या बाटल्या हुंगल्या. बोरिकची हुंगली आणि "हिले तं वासच नाही, इलाज काय होईन?" म्हणून परत ठेवली. आणखी एक कला त्यांना आली होती: नाक चिमटीत धरून जोर केला की डोळ्याच्या कोपऱ्यातून हवा यायची आणि बारीक बुडबुडा फुटायचा. हा खेळ पाहायला शाळा सुटल्यावर पोरांची रांग लागे. डॉक्टरांनी असं करू नका म्हणून सांगितलं होतं हे मी त्यांना रोज सांगत असे.

गिऱ्हाइकं मात्र नाराज झाली. "तुमी बरे झाले, चाचा, पण आमच्या पोरीनं काय करावं?" असं एका बाईने त्यांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "बाई, जावई चांगला पाहा. आता सगळं त्याच्यावर आलं." नाव मात्र बदललं नाही. कोरड्या डोळ्याने ते पुढे आठ-नऊ वर्षं रोतेमियाच राहिले.

दीड वर्षाने नसीमाचं लग्न झालं. मुलगा यवतमाळजवळ लोहाऱ्याचा, मोटारींचा मेकॅनिक, हात कायम काळे आणि बोलणं बेताचं. पाठवणीच्या वेळी मोहल्ल्यातल्या बायका रडल्या, मौलवीसाहेबांनी नाक शिंकरलं, पाटलीणबाई आल्या होत्या त्याही पदर लावून रडल्या. रोतेमिया तेवढे इकडून तिकडे धावत होते. मोटारीच्या टपावर लाल गादी बांधून घेत होते, दोऱ्या ओढून पाहत होते. मी जवळ गेलो तर मला गाल दाखवून म्हणाले, "पाहा, कोरडा! माझं सारं रडणं वरतं बांधून दिलं."

पुढच्या दोनतीन वर्षांत ते महिन्या-दोन महिन्यांनी लोहाऱ्याला जाऊन येत. आले की दवाखान्यात चक्कर. एकदा म्हणाले, "नसीमाले बी माझाच नजला लागला, कंपोंडरसाब. गेलतो तं डोळे वाहून राह्यलते तिचे." नजला म्हणजे हीच जुनी नाकातली सूज. मी निलगिरीच्या तेलाची बाटली दिली, वाफ कशी घ्यायची ते सांगितलं. पुढच्या खेपेला पुन्हा बाटली नेली. त्याच्या पुढच्या खेपेला ते बाटली घेऊनही उठले नाहीत, बाकावर बसून राहिले.

"तुमी आता नाकाडोळ्याचे डॉक्टरच झाले," ते म्हणाले. "एक सांगा. माझा एकच डोळा वाहे. नसीमाचे तं दोन्ही वाहतात. नजल्यानं दोन्ही वाहतात का?"

एकदा अंगण पुसून बसलेल्या माझा या विषयात आता हातखंडा होता. "वाहतात की, चाचा! दोन्हीकडच्या मोऱ्या तुंबल्या तर दोन्ही वाहणारच."

"आन् नाक? नाक तं मोकळं आहे तिचं. वास बी येते."

"आतून सूज असते. वरून कळत नाही."

त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "तुमी म्हणता तं तसंच असन." बाटली खिशात टाकून रस्ता ओलांडून गेले. त्या दिवशी त्यांनी एकही थट्टा केली नाही, हे माझ्या ध्यानात यायला काही वर्षं लागली.

रोतेमिया गेले ते छातीच्या दुखण्याने. रुईने नाक सोडलं तरी छाती सोडली नव्हती. नसीमा चाळिसाव्या दिवसापर्यंत मारेगावात राहिली होती. परत जाण्याआधी ती दवाखान्यात मला भेटायला आली, दोन मुलांना दाराशी उभं करून. मी इतर काही सुचेना म्हणून विचारलं, "तुझा नजला कसा आहे आता?"

ती जराशी हसली. "भाऊ, मले नजला कधी नव्हताच."

मी हातातली बाटली खाली ठेवली.

"सासू लय कडक होती. पहिले दोन-तीन साल खूप रडली मी. आन् अब्बा न सांगता येत. डोळे पुसाले बी टाइम नाही भेटे. एकदा असेच दारात उभे राह्यले, मंग मी म्हणलं, तुमचाच नजला लागला मले. त्यायले ते पटलं." तिने दाराशी उभ्या मुलांकडे पाहिलं. "नंतर सारं चांगलं झालं. सासू आता मलेच हाका मारते. पण तुमच्या तेलाच्या बाटल्या तशाच आहेत घरी. फेकवल्या नाही."

बाहेर दुकानाला कुलूप होतं. माझ्या बाटल्यांवर त्या महिनाभरात तूस बसलं नव्हतं.

"एक विचारू, भाऊ?" तिचा आवाज खाली आला. "अब्बाले समजलं तं नव्हतं ना? तुमाले कधी काही विचारलं त्यायनं?"

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."